व्हीलॅन (संगणक जाळे)

व्हीलॅन म्हणजे आभासी स्थानिक जाळे. एकाच नेटवर्क स्विचला जोडलेल्या संगणकांची स्वतंत्र गटांत विभागणी करण्याची ही पद्धत आहे. एका व्हीलॅनमधील संगणकाने सर्वांसाठी पाठवलेला संदेश, म्हणजेच ब्रॉडकास्ट, दुसऱ्या व्हीलॅनमधील संगणकांपर्यंत पोहोचत नाही. यामुळे जाळ्यावरील अनावश्यक रहदारी कमी होते आणि विभागाविभागांतील माहिती वेगळी ठेवता येते. सोलापूर येथील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'संगणक जाळे' हा विषय शिकवला जातो. व्हीलॅनची मांडणी हा या विषयातील एक मूलभूत भाग आहे.

पार्श्वभूमी

व्हीलॅनच्या कल्पनेचे श्रेय अमेरिकेतील बेलकोर या संस्थेत काम करणारे अभियंता डब्ल्यू. डेव्हिड सिनकोस्की यांना दिले जाते. आरंभी प्रत्येक उत्पादकाची पद्धत वेगळी होती. सिस्को कंपनीची आयएसएल ही त्यांपैकी एक. पुढे १९९८ साली आयईईई या संस्थेने ८०२.१क्यू हे मानक प्रसिद्ध केले आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांशी जोडणे शक्य झाले.

कार्यपद्धती

या मानकानुसार इथरनेट फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घातला जातो. त्यातील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. १२ बिटांत ४०९६ संख्या मावतात. त्यांपैकी ० आणि ४०९५ राखीव असल्याने १ ते ४०९४ हे क्रमांक वापरता येतात.

स्विचची पोर्टे मुख्यतः दोन प्रकारची असतात. ॲक्सेस पोर्ट एकाच व्हीलॅनचे असते व त्याला संगणक किंवा प्रिंटर जोडतात. ट्रंक पोर्ट अनेक व्हीलॅनची रहदारी दुसऱ्या स्विचपर्यंत वाहून नेते. फ्रेम कोणत्या व्हीलॅनची आहे हे पलीकडच्या स्विचला टॅगवरून समजते. ट्रंकवरून टॅगविना जाणाऱ्या फ्रेम 'नेटिव्ह व्हीलॅन'च्या मानल्या जातात. दोन व्हीलॅनमधील संगणकांना परस्परांशी संपर्क साधायचा असल्यास राउटर किंवा तिसऱ्या स्तरावर काम करणारा स्विच लागतो.

पाहण्याच्या आज्ञा

पुढील आज्ञा सिस्को स्विचच्या आहेत. त्या प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात; येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

• 'शो व्हीलॅन ब्रीफ' : प्रत्येक व्हीलॅनचा क्रमांक, नाव, स्थिती आणि त्यातील पोर्टे दाखवते. ट्रंक म्हणून कार्यरत असलेली पोर्टे या यादीत दिसत नाहीत.
• 'शो इंटरफेसेस ट्रंक' : ट्रंक पोर्टे, त्यांचे नेटिव्ह व्हीलॅन आणि त्यांवरून परवानगी असलेले व्हीलॅन दाखवते.
• 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' : कोणते यंत्र कोणत्या पोर्टामागे व कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे, हे दाखवते.

नव्या स्विचवर सर्व पोर्टे व्हीलॅन १ मध्ये असतात. १००२ ते १००५ हे क्रमांक टोकन रिंग व एफडीडीआय या जुन्या तंत्रांसाठी राखीव असून ते पुसता येत नाहीत.

मांडणीच्या आज्ञा

समजा, सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयात कार्यालयासाठी व्हीलॅन १० आणि प्रयोगशाळेसाठी व्हीलॅन २० करावयाचे आहे. त्याचा क्रम असा :

१. 'एनेबल' व नंतर 'कॉन्फिगर टर्मिनल' या आज्ञांनी मांडणीच्या अवस्थेत प्रवेश करणे.
२. 'व्हीलॅन १०' देऊन 'नेम' या आज्ञेने त्यास नाव देणे. व्हीलॅन २० साठीही तसेच करणे.
३. 'इंटरफेस रेंज' या आज्ञेने कार्यालयाची पोर्टे निवडून 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' आणि 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०' देणे. प्रयोगशाळेच्या पोर्टांना त्याच रीतीने व्हीलॅन २० देणे.
४. दुसऱ्या इमारतीतील स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' देणे.
५. 'एंड' देऊन बाहेर पडणे आणि 'शो व्हीलॅन ब्रीफ'ने पडताळणी करणे.
६. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' या आज्ञेने मांडणी जतन करणे.

शेवटची पायरी राहिल्यास आणि वीज गेल्यास पोर्टांची मांडणी नाहीशी होते. स्विच पुन्हा सुरू झाल्यावर ती पोर्टे व्हीलॅन १ मध्ये परततात. व्हीलॅनची यादी सामान्यतः 'व्हीलॅन डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये राहत असल्याने नावे तशीच दिसतात. परंतु कार्यालय व प्रयोगशाळा यांचे विभाजन मात्र उरलेले नसते.

सामान्य चुका

ट्रंकवर नव्या व्हीलॅन ३० ला परवानगी देताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' असे लिहावे लागते. यातील 'ॲड' हा शब्द गाळल्यास स्विच जुनी यादी काढून केवळ ३० ठेवतो. परिणामी त्या ट्रंकवरील इतर सर्व व्हीलॅनचा संपर्क तत्काळ तुटतो. दूरवरून काम करणाऱ्याचा स्वतःचा संपर्क त्याच ट्रंकवरून येत असेल, तर चूक सुधारण्यासाठी त्याला स्विचपाशी जावे लागते.

व्हीलॅन पुसल्यास त्यातील पोर्टे आपोआप व्हीलॅन १ मध्ये जात नाहीत. ती निष्क्रिय होतात व 'शो व्हीलॅन ब्रीफ'च्या यादीतून दिसेनाशी होतात. म्हणून पोर्टे आधी दुसऱ्या व्हीलॅनमध्ये हलवणे इष्ट असते. ट्रंकच्या दोन्ही टोकांना नेटिव्ह व्हीलॅन वेगळे असल्यास एका व्हीलॅनची रहदारी दुसऱ्यात मिसळते.

सुरक्षितता

व्हीलॅन रहदारी वेगळी करते, परंतु ती सांकेतिक स्वरूपात बदलत नाही. दुहेरी टॅग असलेली फ्रेम पाठवून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये शिरण्याचा प्रकारही ज्ञात आहे. तो टाळण्यासाठी वापरात नसलेला क्रमांक नेटिव्ह व्हीलॅन म्हणून ठेवतात, व्हीलॅन १ चा वापर टाळतात आणि रिकामी पोर्टे 'शटडाउन' या आज्ञेने बंद करतात.

सराव

प्रत्यक्ष स्विच उपलब्ध नसल्यास सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नोंदणी करून पॅकेट ट्रेसर ही प्रणाली विनामूल्य वापरता येते. वरील बहुतेक आज्ञांचा सराव तीत शक्य आहे. इतर उत्पादकांच्या स्विचवर शब्द बदलतात. उदाहरणार्थ, काही स्विचवर ॲक्सेस व ट्रंक यांऐवजी 'अनटॅग्ड' व 'टॅग्ड' हे शब्द येतात. मूळ मानक एकच असल्याने संकल्पना मात्र तीच राहते.