राजवाडा, समुद्र आणि सहा घरं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जव्हारला हौसेनं फिरायला येणारे थोडेच. येत ते बदलीवरचे अधिकारी, शिक्षक, ठेकेदार. आणि १९९२ नंतर पत्रकार. वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी तालुक्याचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आणलं होतं. त्याच सुमारास मी आणि माझा एक मित्र जुन्या राजदूतवर बसून आपलाच मुलूख पाहत हिंडत होतो. पुढे तो नोकरीसाठी वेल्समधल्या कार्डिफला गेला आणि तिथलाच झाला. तरी आमचं हिंडणं थांबलं नाही. तो आला की इकडे, मी गेलो की तिकडे. गेल्या तीसेक वर्षांच्या त्या भटकंतीचा हा मागोवा.

मित्राला एक खोड आहे. कुठलीही वास्तू असो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "इथे पाणी कोण भरत असेल रे?" मोखाड्याच्या पाड्यावर वाढलेल्या, आईबरोबर डोंगर उतरून झऱ्यावर गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

सुरुवात अर्थातच जयविलासपासून. गुलाबी छटेच्या दगडातला हा राजवाडा यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. ते जव्हारचे शेवटचे राजे. पण घराणं जुनं, महादेव कोळ्यांचं. मूळपुरुष जयबा मुकणे. त्यानं म्हणे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. समोरच्यानं हसत हो म्हटलं. मग जयबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात बसला तेवढा मुलूख घेतला. कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दलही नेमकी हीच गोष्ट सांगतात. दंतकथा सोडली तरी तारीख उरतेच : ५ जून १३४३. दिल्लीच्या सुलतानानं जयबाच्या मुलाला निमशाह हा किताब दिला तो हा दिवस. संस्थानानं त्या दिवसापासून स्वतःचा शक सुरू केला. पुढे १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशाहांची भेट झाली ती शिरपामाळावर. आणि आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. भेट आणि स्वारी, दोन्ही एकाच पिढीनं पाहिलं. आम्ही तेव्हा हे सगळं पाठ म्हणून दाखवायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

मग समुद्र. घाट उतरून शिरगावचा किल्ला, तारापूर, शेवटी वसई. वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली १५३४ मध्ये, चिमाजी अप्पांनी ती परत घेतली १७३९ मध्ये. दोनशे वर्षांचं शहर आत आहे. चर्चच्या उंच भिंती, वरून आभाळ, फटींतून वाढलेले पिंपळ. लोक तटावरून खाडी बघत उभे राहायचे, मित्र विहिरी शोधत फिरायचा. वसईच्या विजयाची आठवण ऐकायची असेल तर मात्र उलट्या दिशेनं, जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यानं त्र्यंबक करत नाशिकला जावं. तिथे गोदाकाठी वसईहून आणलेली नारोशंकराची घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं.

मोखाड्यात थांबायचं ते बोहाड्यासाठी. शिमग्याच्या दिवसांत रात्र चढली की संबळ आणि सनई सुरू होते, मशाली पेटतात आणि एकेक सोंग येतं : गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण. चार पावलं पुढे, चार मागे, गिरकी. एकदा आम्ही सोंग बांधतात त्या आडोशाला बसलो होतो. मुखवटा टेकू नये म्हणून डोक्याला आधी फडकं घट्ट गुंडाळतात, मग मुखवटा चढवून दोऱ्या मागे करकचून आवळतात. आतल्या माणसाला दिसतं ते बोटाएवढ्या भोकातून. म्हणून पुढे मशाल धरणारा त्याचा वाटाड्याच असतो. मुखवटा उतरला तेव्हा रावणाच्या कपाळावर दोरीचा वळ होता आणि तो सकाळच्या गाडीनं भिवंडीच्या वीटभट्टीवर परतणार होता. त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा जाणवलं की पाठ केलेल्या इतिहासात हा माणूस कुठेच नाही.

वेल्सला गेलो तेव्हा मित्रानं किल्ल्यांपासूनच सुरुवात केली. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं वेल्श लोकांना धाकात ठेवायला बांधलेले कॉनवी आणि कार्नार्वन, दोन्हींचं काम १२८३ मध्ये सुरू झालं. कॉनवीच्या बुरुजावरून एका बाजूला नदीचं मुख आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. वारा असा की बोलणं ऐकू येईना. मी कॅमेरा काढेपर्यंत मित्र खाली विहिरीपाशी पोचलाही होता. खोली एक्क्याण्णव फूट. तो खूश.

पण खरी गोष्ट कार्डिफजवळ सेंट फेगन्सला होती. तिथल्या उमरावानं आपला वाडा आणि बागा राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्या आणि १९४८ मध्ये तिथे लोकजीवनाचं संग्रहालय उघडलं. जव्हार संस्थान विलीन झालं तेही त्याच वर्षी. वाड्याभोवतीच्या झाडीत वेल्सभरातून आणलेली घरं, गिरण्या, दुकानं आहेत; मूळ जागी उतरवून, दगड-तुळया आणून, पुन्हा उभारलेली. त्यात मर्थिर टिडफिलहून आणलेली लोखंड-कामगारांची सहा घरांची चाळ आहे. सहाही घरं मुळात सारखीच. पण प्रत्येक घर एकेका सालाप्रमाणे मांडलंय : १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५, १९८५. पहिल्या दारातून आत जायचं आणि सहाव्यातून बाहेर यायचं. मधे पावणेदोनशे वर्षं गेलेली असतात आणि एकाही राजाचं नाव येत नाही. तिकीटही नाही. मित्र त्या चाळीत किती तरी वेळ रेंगाळला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आपल्याकडे असं एक पाहिजे यार."

आपल्या मुलखातल्या वस्तू संग्रहालयांत नाहीत असं नाही. त्या लांब आहेत. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या गाजलेल्या प्रदर्शनात होते. जपानमध्ये निगाता प्रांतात, बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, मिथिला म्युझियम आहे. तिथे वारली चित्रकारांनी राहून चित्रं काढली. वारली लग्नात धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांसोबत कुडाच्या भिंतीवर जो चौक लिहिला जातो, तो आता कागदा-कापडावर चढून जगभर टांगला आहे. ज्या भिंतीवर तो लिहिला जायचा, ती भिंत मात्र जव्हार-मोखाड्यातून भराभर नाहीशी होते आहे.

ती जावी याचं दुःख नको. कारवीच्या कुडात आणि गवताच्या छपराखाली पावसाळे काढलेल्या कुणाला विचारा. घरकुलाच्या पक्क्या भिंतीची किंमत तोच सांगेल. पण ते घर कसं होतं, कणगी कुठे असायची, नागलीचं जातं कुठे, शेळ्या कुठे, हे सांगणारी पिढी अजून आहे तोवर एक रांग उभी करता येईल. एक घर संस्थानी काळातलं. एक मंगलोरी कौलांचं. एक १९९२ चं. त्यात काय मांडायचं हे ठरवताना हात थरथरेल, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही. एक सिमेंटच्या भिंतींचं, पत्र्याचं, मोबाइल चार्जिंगला लावलेलं, दिवाळीनंतर कुलूप घातलेलं.

आता दर शनिवार-रविवारी जव्हारला गाड्यांची रांग लागते. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास, संध्याकाळी परत. येवोत बापडे, चार पैसे मिळतात. फक्त या यादीत ती घरांची रांगही असावी. आणि तिच्यात प्रत्येक घरी, मित्राचा प्रश्न लक्षात ठेवून, पाण्याची जागा दाखवावी. मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच, २०१४ मध्ये पूर्ण झालेलं. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. शेवटच्या घराबाहेर नळ दाखवायचा की टँकरची वाट पाहणारे हंडे, हे संग्रहालयवाल्यांच्या हातात नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती रांग पाहायला पहिल्यांदा यावं.