एडिटर कोणता घेऊ? छोट्या डेटाबेस साइटबद्दलचे गैरसमज

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राला साइट करायची आहे. सोयाबीन-तुरीचं बियाणं, शिल्लक माल, सहा तालुक्यांतले ग्राहक आणि त्यांची उधारी, एवढीच नोंद ठेवायची. काम हाती घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एडिटर कोणता? खरं तर सगळ्यांत कमी अडतं ते तिथेच.

गैरसमज : महागडा एडिटर घेतला की साइट चांगली होते.
वस्तुस्थिती : एडिटर फक्त मजकुराच्या फाइली लिहितो. २००३ पासूनचा नोटपॅड++ आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हीएस कोड, दोन्ही फुकट आहेत. जुन्या विंडोज संगणकावर नोटपॅड++ हलका पडतो. विसरलेला कंस व्हीएस कोड लाल रेघ ओढून दाखवतो. तक्त्याची मांडणी चुकली तर मात्र कोणताच एडिटर बोलत नाही.

गैरसमज : तालुक्याचं नाव लिहिलं की ओळख पटते.
वस्तुस्थिती : मालेगाव वाशिममध्येही आहे आणि नाशिकमध्येही. म्हणून तालुक्यांचा तक्ता वेगळा करावा, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि ग्राहकाच्या नोंदीत तो क्रमांक ठेवावा.

गैरसमज : डेटाबेसमध्ये मराठी नीट बसत नाही.
वस्तुस्थिती : ‘वाशिम’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट घेतो, एवढंच. मायएसक्यूएलमध्ये तक्ता जुन्या लॅटिन१ अक्षरसंचावर राहिला, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते. तशीच नोंद साठली, तर मूळ मजकूर परत मिळत नाही. सुरुवातीलाच यूटीएफ८एमबी४ हा अक्षरसंच निवडावा. कृतीदेव फॉन्ट हा त्यावरचा इलाज नव्हे: पडद्यावर मराठी दिसते, आत रोमन अक्षरंच साठतात आणि मोबाइलवरून ‘रिसोड’ हे तालुक्याचं नाव शोधलं तर काहीच सापडत नाही.

गैरसमज : शिकायला सतत इंटरनेट आणि मोठा सर्व्हर लागतो.
वस्तुस्थिती : एक्सएएमपीपी एकदा उतरवून घेतलं की अपाचे, मारियाडीबी आणि पीएचपी नेट नसतानाही स्वतःच्या संगणकावर चालतात. मात्र ते सरावासाठी आहे. मूळ मांडणीत डेटाबेसच्या मुख्य खात्याला पासवर्डही नसतो. ते तसंच जगासमोर उघडू नये. वर्दळ बेताची असेल तर २००० साली आलेला एसक्यूलाइटही पुरतो. त्याचा सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो.

गैरसमज : कोडचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं की साइट जपली.
वस्तुस्थिती : मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी वापरत असाल, तर ग्राहक, उधारी आणि साठा त्या फोल्डरमध्ये नसतो. पीएचपीमायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून ‘एक्स्पोर्ट’ करून एसक्यूएल फाइल वेगळी काढावी लागते. ती दुसऱ्या संगणकावर चढवून उघडते का, हे पाहून घ्यावं. एडिटर नंतर केव्हाही बदलता येतो, पण हरवलेली उधारीची वही पुन्हा लिहिता येत नाही.