कापसाच्या गाठीपासून संगणकीय नोंदीपर्यंत : ग्राहकसंबंध व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील नोंदक्रमांकन

बीजसंज्ञा : नोंदक्रमांकन, सीआरएम, उपसर्ग, प्रारंभक्रम, रुईव्यापार, कॉटन ग्रीन

प्रस्तावना

कार्यालयात आलेले पत्र आवक नोंदवहीत चढविले जाते आणि त्यावर क्रमांक टाकला जातो. पुढील सर्व पत्रव्यवहार त्या क्रमांकाच्या आधारे चालतो. ग्राहकसंबंध व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजेच सीआरएममध्ये, हेच कार्य नोंदक्रमांकन करते. मात्र सॉफ्टवेअर क्रमांक आपोआप देत असल्यामुळे त्याची मूळ मांडणी विचार न करता स्वीकारली जाते. तिचे दोष बहुधा तक्रार किंवा वाद उद्भवल्यावरच दिसून येतात. नोंदक्रमांक हा उत्तरदायित्वाचा पुरावा कसा ठरतो, हे कॉटन ग्रीन येथील रुईव्यापाराच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. रुईच्या गाठीवरील क्रमांक

१९२१ मध्ये ‘ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन’ स्थापन झाली. पुढे कुलाब्यातील कापूसबाजार शिवडीलगतच्या ज्या भागात हलला, तो भाग कॉटन ग्रीन या नावाने ओळखला जातो. ही संस्था आज ‘कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया’ या नावाने तेथील कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीतून कार्य करते.

रुईचा सौदा ठरतो मुंबईत. गाठ बांधली जाते विदर्भात, खानदेशात वा गुजरातेत. सुमारे १७० किलोची गाठ एकदा आवळली की आतील माल डोळ्यांना दिसत नाही. गिरणीत गाठ फोडल्यावर रुई ओलसर वा भेसळयुक्त निघाली, तर ती कोणत्या कारखान्यात बांधली गेली हे सिद्ध करावे लागते. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने यावर उपाय योजला. प्रत्येक गाठ कारखान्याबाहेर जाण्यापूर्वी तिच्यावर त्या कारखान्याचे ठरावीक चिन्ह व अनुक्रमांक उमटविणे बंधनकारक केले. शिवाय दररोज किती गाठी बांधल्या, त्यांचे क्रमांक काय आणि त्या कोणासाठी बांधल्या, याची नोंदवही ठेवणे आवश्यक ठरविले.

या तरतुदीत नोंदक्रमांकनाची तिन्ही अंगे आढळतात : उगम सांगणारे चिन्ह, न तुटणारा क्रम आणि त्या क्रमाचा अर्थ सांगणारी नोंदवही. २१५ क्रमांकाची गाठ अनेक कारखान्यांत असू शकते. चिन्ह, हंगाम व क्रमांक एकत्र आल्यावरच ती एकमेव ठरते.

२. सॉफ्टवेअरमधील रचना

व्हीटायगर या सीआरएम प्रणालीचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. तीत संस्था, संपर्क, तक्रार, बीजक अशा प्रत्येक विभागासाठी दोन बाबी ठरविता येतात : उपसर्ग आणि प्रारंभक्रम. उपसर्ग हे कारखान्याच्या चिन्हासारखे, तर प्रारंभक्रम हा नोंदवहीच्या पहिल्या ओळीसारखा असतो. प्रारंभक्रम ‘०००००१’ असा दिल्यास पुढील क्रमांकांतही शून्ये राखली जातात. त्यामुळे यादी अक्षरानुक्रमे लावली तरी क्रम बिघडत नाही. उपसर्ग बदलल्यास तो केवळ नव्या नोंदींना लागू होतो. जुन्या नोंदींचे क्रमांक अबाधित राहतात. त्याच उपसर्गासाठी चालू क्रमापेक्षा लहान प्रारंभक्रम स्वीकारला जात नाही. क्रमांकाविना राहिलेल्या जुन्या नोंदींना नंतर क्रमांक देण्याची सोयही आहे.

याशिवाय संगणक प्रत्येक नोंदीस स्वतःचा एक आंतरिक क्रमांक देतो. तो सर्व विभागांसाठी सामाईक असतो. ग्राहकास कळविण्याचा क्रमांक व हा आंतरिक क्रमांक यांत गल्लत करू नये.

३. मांडणीपूर्वी घ्यावयाचे निर्णय

(अ) कालखंड : कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, तर आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते. गाठींचा क्रम हंगामाशी व बीजकांचा क्रम आर्थिक वर्षाशी निगडित असल्याने दोहोंसाठी एकच मालिका वापरणे अयोग्य होय.

(आ) लांबी : २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ४६ नुसार बीजकाचा अनुक्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा नसावा आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा. उपसर्गाची ३ अक्षरे, २ तिरप्या रेघा, ‘२६-२७’ ही ५ चिन्हे आणि क्रमाचे ६ अंक मिळून १६ चिन्हे होतात. उपसर्गात आणखी एक अक्षर घातल्यास मर्यादा ओलांडली जाते.

(इ) अर्थभार : दलालाचे नाव, शाखा वा रुईची प्रत क्रमांकात गुंफू नये. या बाबी बदलतात. क्रमांक बदलता कामा नये. त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत.

(ई) मूळ क्रमांकाचे जतन : गाठीवरील चिन्ह व क्रमांक सॉफ्टवेअरने दिलेल्या क्रमांकाने झाकून टाकू नये. तो जसाच्या तसा नोंदवावा, अन्यथा तक्रार मुंबईतील दप्तरापर्यंत येऊन थांबते आणि कारखान्यापर्यंत पोहोचत नाही.

(उ) पुनर्वापर : रद्द झालेल्या नोंदीचा क्रमांक दुसऱ्या नोंदीस देऊ नये. बीजक पुसून न टाकता ते ‘रद्द’ म्हणून राखावे. मालिकेतील रिकाम्या जागेचे कारण दप्तरात सापडले पाहिजे.

निष्कर्ष

७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसाचे ‘कस्तुरी’ हे नाममुद्राचिन्ह जाहीर झाले. त्याच्या प्रमाणीकरणात गाठीवर क्यूआर कोड लावला जातो. शाईच्या शिक्क्याची जागा कोडने घेतली, तरी ही गाठ कोणाची हा प्रश्न तोच आहे. चिन्ह पुसट झाले वा क्रम तुटला, तर निकृष्ट मालाचा दोष निर्दोष कारखान्यावर आणि कालांतराने त्या परिसरातील शेतकऱ्याच्या भावावर येऊ शकतो. म्हणूनच नोंदक्रमांकनाची मांडणी केवळ संगणक-तंत्रज्ञावर सोपवू नये. व्यवहार जाणणारा, हिशेब ठेवणारा आणि तक्रार हाताळणारा यांनी पहिली नोंद होण्यापूर्वी एकत्र बसून ती ठरविणे आवश्यक आहे.