खिडक्यांचा हिशेब

आमचे घर हाउन्सलो वेस्टला, १९३० च्या दशकातले, अर्धे जोडलेले. विमान उतरताना त्याची चाके मोजता येतात असे पाहुण्यांना गमतीने सांगते, पण ती गंमत दिवसाउजेडी. आमचे हे हीथ्रोवर रात्रपाळी करतात. सकाळी आठला घरी येऊन झोपतात, आणि त्या वेळी उतरणाऱ्या विमानांची रांग आमच्या रांगेतल्या धावपट्टीवर असेल तर झोप झालीच म्हणून समजा. वारा पश्चिमेचा असला की दुपारी तीन वाजता धावपट्ट्यांची अदलाबदल होते. एका आठवड्यात सकाळ आमच्या वाट्याला येते, पुढच्या आठवड्यात दुपार. आमच्या घरातले जेवण, झोप आणि भांडणे त्या वेळापत्रकावर चालतात.

गेल्या वर्षी ह्यांचे रक्तदाब वाढल्याचे निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि झोपेबद्दल विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात विमानांचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीने ४५ डेसिबलच्या आत आणि रात्री ४० च्या आत असावा असे म्हटले आहे. तो वाचून मी खिडकी उघडली आणि पुन्हा बंद केली. त्यातच समोरच्या खिडक्यांच्या दोन काचांमध्ये धुके साचले होते, बैठकीच्या बे विंडोची चौकट फुगली होती आणि सासूबाईंचा खोकला जात नव्हता. आम्ही ठरवले, खिडक्या बदलायच्या. बँकेत सोळा हजार पौंड होते. त्यातले निम्मे मुलाच्या कॉलेजच्या खोलीभाड्यासाठी राखलेले.

पहिला विक्रेता रविवारी आला आणि तीन तास बसला. आठ खिडक्या, तिहेरी काच, उत्तम दर्जाची चौकट. किंमत २२,४०० पौंड. आम्ही गप्प बसलो तसा त्याने साहेबांना फोन लावला आणि ती १५,६०० वर आली, पण आज रात्रीपर्यंतच. ह्यांनी पेन हातात घेतले होते. कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंना इंग्रजी फारसे कळत नाही, पण आकडे कळतात. त्या म्हणाल्या, "अरे, लुगडं घेतानाही आपण दुसरं दुकान बघतो." पेन खाली ठेवले गेले.

मग मी आणखी दोन अंदाजपत्रके मागवली. एका मध्यम किमतीच्या कंपनीने त्याच आठ खिडक्या दुहेरी काचेत ८,२०० पौंडांत सांगितल्या. आता ७,४०० पौंडांच्या फरकात नेमके काय मिळते, हा प्रश्न होता.

खिडकीतून किती उष्णता बाहेर जाते ते यू-व्हॅल्यूने मोजतात. आकडा जितका लहान तितकी खिडकी चांगली. आमच्या जुन्या दुहेरी काचेची साधारण २.८. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून बदललेली खिडकी १.४ किंवा त्याहून चांगली, नाहीतर ऊर्जा श्रेणीत किमान बी असावी लागते, म्हणजे मध्यम किमतीचा मालही ह्या पातळीचा मिळतोच. त्यात दोन काचांमध्ये आरगॉन वायू आणि आतल्या काचेवर उष्णता परतवणारा लो-ई थर असतो. महागडी तिहेरी ०.९ ची होती.

आमच्या खिडक्यांचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर. लंडनच्या थंडीसाठी मी वर्षाला २,००० डिग्री-डे धरले. त्यांना २४ तासांनी गुणून हजाराने भागले की ४८ येतात. जुन्यापासून मध्यम दर्जापर्यंतचा फरक १.४, म्हणून १.४ × १५ × ४८ म्हणजे सुमारे १,००० युनिट. बॉयलरची गळती धरून १,१२० युनिट. माझ्या बिलात गॅस युनिटला सुमारे ६ पेन्स, म्हणजे वर्षाला ६७ पौंड वाचतात. आणि मध्यमपासून महागड्यापर्यंत? फरक फक्त ०.५. युनिट ४००, पैसे २४ पौंड. ७,४०० ला २४ ने भागा. तीनशेच्या वर वर्षे! बाळाजी विश्वनाथाच्या पेशवाईत बसवल्या असत्या तर यंदा पैसे फिटले असते.

खरे सांगायचे तर मध्यम किमतीच्या खिडक्याही गॅसच्या बिलातून वसूल होत नाहीत. ८,२०० ला ६७ ने भागले तर सव्वाशे वर्षे येतात. "पैसे आपोआप निघतात" असे कोणी म्हणाले तर त्याच्यासमोर हा हिशेब मांडावा. गॅसची किंमत दुप्पट झाली तरी वर्षे निम्मीच होतील. खिडक्या बदलायच्या त्या मोडल्या म्हणून, वारा येतो म्हणून, झोप येत नाही म्हणून.

तर झोप. इथे मला सर्वांत मोठा धडा मिळाला. आवाज अडवायला तिसरी पातळ काच फारशी उपयोगी पडत नाही. लागते ती जाड, एकमेकींपासून वेगळ्या जाडीची काच, मधोमध प्लास्टिकचा पदर असलेली लॅमिनेटेड काच, आणि काचांमध्ये भरपूर अंतर. दुहेरी काचेतले अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूने दहा ते वीस सेंटिमीटर सोडून वेगळी काच बसवली, ज्याला सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात, तर आवाज कितीतरी जास्त कमी होतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो. आमच्या मागच्या झोपण्याच्या खोलीत हे एकाच खिडकीला केले. खर्च ९०० पौंड.

त्याआधी हीथ्रोच्या क्वाएटर होम्स इनिशिएटिव्ह ह्या योजनेत आपले घर बसते का, हे पोस्टकोड देऊन अवश्य विचारावे. ठरावीक आवाजरेषेच्या आतल्या घरांसाठी ती आहे. आमची गल्ली रेषेच्या बाहेर निघाली, पण पलीकडच्या गल्लीतली मैत्रीण सही करायच्या बेतात होती, तिला मी आधी चौकशी करायला लावली.

शेवटी आम्ही काय केले ते सांगते. समोरच्या चार खिडक्यांच्या चौकटी खराब होत्या, त्या मध्यम दर्जाच्या नव्या घेतल्या, ४,३०० पौंडांत. मागच्या दोन खिडक्यांच्या चौकटी ठणठणीत होत्या, फक्त काचेत धुके होते. तिथे नुसती काच बदलली, दोन्ही मिळून २४०. हे शक्य आहे हे पहिल्या विक्रेत्याने तीन तासांत एकदाही सांगितले नव्हते. उरलेल्या दोन खिडक्यांना हातही लावला नाही. सेकंडरी ग्लेझिंग धरून एकूण ५,४४०. मुलाचे खोलीभाडे शाबूत राहिले.

कागदपत्रांत मी फार कडक होते, कारण ह्यापूर्वी एकदा फसलो आहोत. जुन्या खिडक्या ज्या कंपनीने बसवल्या ती दहा वर्षांची हमी देऊन चौथ्या वर्षी बंद पडली. म्हणून आता हमीला विम्याचे पाठबळ आहे का ते विचारावे. किंमत २० टक्के व्हॅट धरून आहे का, हेही. अनामत थोडीतरी क्रेडिट कार्डाने भरावी: १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीही जबाबदार राहते. घरी येऊन केलेल्या करारातून १४ दिवसांत बाहेर पडता येते खरे, पण मापाने खास बनवलेल्या मालाला ती सवलत नाही असे कंपन्या म्हणतात, तेव्हा रद्द करण्याचे कलम सहीआधी वाचावे. आणि काम झाल्यावर फेन्सा किंवा सर्टासचे प्रमाणपत्र फाईलमध्ये हवेच. एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडक्यांसाठी घर विकताना वकील ते मागतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी लीज काढून बघावी. खिडक्या पुष्कळदा फ्रीहोल्डरच्या असतात. वरच्या मजल्यावर आग लागल्यास बाहेर पडता येईल एवढी उघडणारी खिडकी ठेवावी, आणि जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या खालची काच सुरक्षा काच असावी.

एक गोष्ट मात्र आमची चुकली. नव्या खिडक्या लागल्या, घर घट्ट बंद झाले आणि सासूबाईंच्या कपाटामागे काळी बुरशी आली. कुकरच्या शिट्ट्या, रोजचा भात, रेडिएटरवर वाळत टाकलेले कपडे, सगळी वाफ घरातच. नव्या खिडक्यांना वर बारीक वाऱ्याच्या फटी, म्हणजे ट्रिकल व्हेंट, बसवलेल्या होत्या. थंडी येते म्हणून सासूबाईंनी त्या एकेक करून बंद केल्या होत्या, आणि मला पत्ता नव्हता. सर्जरीतल्या नर्सबाईंनी विचारले तेव्हा उलगडा झाला. आता त्या उघड्या असतात, स्वयंपाकघरात बाहेर वाफ फेकणारा पंखा बसवला आहे, कपाट भिंतीपासून चार बोटे सरकवले आहे. खोकला कमी झाला. पूर्ण गेला नाही.

ह्यांची झोप? काल सकाळची पाळी आमच्या धावपट्टीची होती. दीड वाजता मी हलवून उठवले तर म्हणाले, "आज विमाने बंद होती का?"