४७ पानांचा हिशेब

५,३७९ रुपये. २००९च्या विधानसभा निवडणुकीत भोकरमधून लढलेले तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवलेला हा खर्च. केबल टीव्हीचे ६,०००. एकूण खर्च सात लाखांच्या आत आणि मर्यादा १० लाखांची. कागदोपत्री सगळे ठाकठीक.

‘द हिंदू’च्या पी. साईनाथांनी मात्र प्रचारकाळातली मराठी दैनिके चाळली. चव्हाणांच्या गुणगानाची पूर्ण पाने निघाली ४७, आणि त्यांवर ‘जाहिरात’ असा शब्द नाही. एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत तोच मजकूर शब्दशः आलेला. दोन वार्ताहरांना एकच लेख स्वल्पविरामासकट सुचावा, हा योगायोग जरा दुर्मीळच. या बातम्याच आहेत, पैसे मोजलेले नाहीत, असे चव्हाणांचे म्हणणे राहिले.

खरी गोम इथे आहे. ‘पेड न्यूज’चा व्यवहार पावतीशिवाय होतो, आणि कायदा तर पावतीच मागतो. त्यामुळे वाचकाची फसवणूक झाली का, हा प्रश्न बाजूला पडून प्रकरण उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबापुरते उरले. हिशेब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, एवढे सर्वोच्च न्यायालयाकडून ठरायलाच मे २०१४ उजाडला. जुलैत आयोगाने चव्हाणांवर ठपका ठेवला, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव ऑक्टोबर २०११मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या, त्याही दडवलेल्या खर्चावरूनच.

मतदाराचे नुकसान रुपयांत मोजता येत नाही. जाहिरात वाचताना तो सावध असतो, बातमी वाचताना नसतो. विकली जाते ती त्याची ही बेसावध नजर, आणि विकणारा उमेदवार नव्हे, वृत्तपत्र असते. ठपका मात्र उमेदवारावरच येतो. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१०मध्ये ७१ पानांत वृत्तपत्रांची नावे घेऊन हे मांडले होते. कौन्सिलने स्वीकारलेला अहवाल त्या मानाने अगदी त्रोटक निघाला, नावे गाळलेला. मूळ अहवाल खुला व्हायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

पेड न्यूज हा निवडणूक गुन्हाच ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५मध्ये केली. तोवर २००९च्या त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती.