परिचारिकेची बाही आणि शिरोवस्त्र

सोवळें आणि स्वच्छता या दोन गोष्टी एक नव्हेत, हें घरांतील वडील मंडळींस समजावून सांगतां सांगतां ज्यांची पुरेवाट झाली असेल, त्यांस पुढील हकीकत लवकर पटेल. मुसलमान परिचारिकांच्या वेषावरून यूरोपांत जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशीं कांहींसा असाच घोटाळा आहे.

इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांत २००७ सालीं असा दंडक जाहीर झाला कीं, रोग्यास हात लावणाऱ्यानें कोपराखालील हात उघडा ठेवावा. कारण उघड आहे: बाहीच्या कडेस रोगजंतु चिकटतात आणि मनगट नीट धुतां येत नाहीं. परंतु ज्या मुसलमान स्त्रियांस हात उघडा टाकणें धर्माविरुद्ध वाटे, त्यांच्यापुढें नोकरी कीं मर्यादा असा पेंच पडला. अखेर २०१० सालच्या सरकारी सूचनांत तोड निघाली. रोग्यापाशीं जातांना, एकदां वापरून टाकावयाच्या बाह्या चढवाव्या आणि हातमोज्यांप्रमाणेंच त्या लगेच काढून टाकाव्या. तोड सोपी खरी; पण कागदावरची सूचना शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत पोंचतेच असें नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणींत, वैद्यकीय सेवेंतील निम्म्याहून किंचित् अधिक मुसलमान स्त्रियांनीं, शस्त्रक्रियागृहांत शिरोवस्त्र वापरतांना आपणांस अडचण आल्याचें सांगितलें.

फ्रान्समध्यें प्रश्न जंतूंचा नाहींच. तेथें १९०५ सालीं शासन व धर्मपीठ यांची फारकत झाली. सार्वजनिक सेवकानें कामावर असतांना धर्मचिन्ह दाखवूं नये, हा तेथील नियम. तो सरकारी रुग्णालयांतील परिचारिकेसही लागू आहे. नॉन्तेर येथील अशाच एका रुग्णालयाच्या मनोरुग्णविभागांत एक समाजसेविका होती. ती परिचारिका नव्हती, पण नियम तोच. शिरोवस्त्र काढण्यास तिनें नकार दिला, आणि २००० सालअखेर तिची नेमणूक पुढें चालविली गेली नाहीं. तिनें कोणास धर्मोपदेश केला असा आरोप कोणींही केला नव्हता. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलें. २०१५ सालीं तेथें सहा विरुद्ध एक मतानें फ्रान्स सरकारचा पक्ष उचलून धरण्यांत आला.

सरकारपक्षाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. दुर्बल मनाच्या रोग्यास आपला सेवक निवडतां येत नाहीं. तेव्हां तो सेवक कोणत्याही पंथाचा दिसूं नये, असें त्यास वाटतें. पण सेवा पाहावयाची कीं दिसणें? रोगजंतूंच्या शंकेवर बाही हा उपाय सांपडला. पाहणाऱ्याच्या मनांतील शंकेवर त्या बिचारीनें कोणती बाही चढवावी?

फ्रेंच लोक म्हणतील, आम्हीं स्वकीयांसही सोडलें नाहीं. तें खरें आहे. पॅरिसच्या ऑतेल-द्यू रुग्णालयांत ख्रिस्ती संन्यासिनींनीं शतकानुशतकें डोकें झांकूनच रोग्यांची शुश्रूषा केली, आणि १९०८ सालीं त्यांसही तेथून बाहेर काढण्यांत आलें. त्यांस परतावयास मठ तरी होता. नॉन्तेरच्या बाईंस त्या रुग्णालयांत पुन्हां नेमणूक मिळाली नाहीं.