सुई एक, रोग दोन

‘डॉक्टर, व्यसनी माणसांना फुकट सुया देणे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणेच ना?’ असे मला पुष्कळदा विचारले जाते. उत्तरादाखल मी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ऑस्टिन या गावाची हकिगत सांगतो.

वस्ती जेमतेम चार हजारांची. अफूच्या जातीच्या एका वेदनाशामक गोळीचे पाणी करून शिरेत टोचण्याचे व्यसन तेथे पसरले. एकच सुई अनेकजण वापरीत. पूर्वी साऱ्या जिल्ह्यात वर्षाला एच.आय.व्ही.चे पाच रुग्णही आढळत नसत. २०१५ अखेर आकडा १८० च्या वर गेला. त्या वर्षी आणीबाणी जाहीर झाल्यावरच सुया बदलून देण्याचे केंद्र निघाले.

येल विद्यापीठाच्या गॉन्साल्विस व क्रॉफर्ड या संशोधकांनी २०१८ मध्ये या साथीचे गणित मांडले. हेच उपाय २०१३ च्या आरंभी योजले असते, तर लागण ५६ च्या आत राहिली असती. २०११ मध्ये योजले असते, तर दहाच्या आत! सुईवाटे पसरणारी ‘सी’ प्रकारची कावीळ तेव्हाच वाढू लागली होती. तो इशारा होता.

म्हणून मी सांगतो, व्यसनाची साथ आली की एच.आय.व्ही. दाराशी आला असे समजावे. स्वच्छ सुई, तपासणी आणि व्यसनावर उपचार ही तिन्ही एकत्रच हवीत. व्यसनी माणसाला हाकलू नका, तपासणीला न्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि गुप्त राहते.